मेंढरामागचं चालणं

धुळाजीला कोणी आळशी म्हटलं असतं, चिक्कू म्हटलं असतं, तर त्यानं एखादी शिवी हासडून विषय संपवला असता. पण घनसावंगीच्या दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरीण बाईंनी, ज्योत्स्ना मॅडमनी, हातातल्या कागदावरून नजर वर करून विचारलं, "काका, रोजचं थोडंफार चालणं होतं का?" आणि अठ्ठावन्न वर्षांच्या धुळाजीच्या डोक्यात तिडीक गेली.

"बाई, मी मेंढरं राखतो," तो म्हणाला. "चालण्याबिगर मला दुसरं काम काय हाय?"

शेजारी बसलेल्या करणनं, त्याच्या पोरानं, बापाच्या मांडीवर हळूच हात ठेवला. करण तीर्थपुरी ते घनसावंगी जीप चालवायचा. दिवसाला पन्नास माणसांशी त्याची गाठ, त्यामुळं कुणाचा पारा कधी चढणार हे त्याला बरोबर कळायचं. पण धुळाजी आता थांबतोय होय? तीर्थपुरीहून पार धावड्याच्या डोंगरापर्यंत मेंढरं घेऊन पायी गेलेला माणूस आहे आपण, हे त्यानं मॅडमला ऐकवलं. आठ मुक्काम जाताना, आठ मुक्काम येताना. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि पाठीवर नुकतं जन्मलेलं कोकरू. "अन् तुमी मला इचारून राह्यल्या, चालणं होतं का."

मॅडम हसल्या नाहीत, त्यातल्या त्यात तेवढं बरं. त्यांनी कागद पुढं सरकवून एकेका आकड्यावर पेनाचं टोक ठेवलं. वाईट कोलेस्टेरॉल एकशे बाहत्तर, ते शंभराच्या आसपास हवं. रक्तातली दुसरी एक चरबी दोनशे साठ, ती दीडशेच्या आत हवी. आणि एक चांगलं कोलेस्टेरॉल असतं, ते रक्तवाहिन्यांतली चरबी उपसून बाहेर नेतं. ते चाळीसच्या वर हवं, आणि धुळाजीचं तेहतीस. "चांगलं असं कमी आणि चरबी अशी जास्त, हे बहुतेक बसून काम करणाऱ्यांत दिसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारलं."

बसून काम करणाऱ्यांत! तलाठ्याच्या, दुकानदाराच्या ओळीत धुळाजीला नेऊन बसवलं होतं. हे त्याला इतकं लागलं की मॅडम पुढं काय म्हणाल्या ते त्यानं अर्धंच ऐकलं. त्या म्हणाल्या, तीन महिने देते. तेल, तूप, मटणाची चरबी कमी करा. रोज चाळीस मिनिटं चाला, पण भरभर. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, नाहीच उतरलं तर गोळी. धुळाजीनं त्यातलं 'चाला' एवढं उचललं आणि तरातरा बाहेर आला.

तपासणीचा हा सगळा खटाटोप रखमाजीमुळं. रखमाजी म्हणजे धुळाजीचा थोरला भाऊ. मागच्या वर्षी भर दुपारी कालव्याच्या भरावावर मेंढरं चारताना तो छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. आसपास चिटपाखरू नव्हतं. मोकळी झालेली मेंढरं एकाच्या गव्हात शिरली, आणि तो शेतकरी शिव्या घालत मेंढक्याला शोधत आला, तेव्हा रखमाजी सापडला. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची नळी बंद झाली. तेव्हापासून करणच्या जिवाला घोर लागला होता. जीप चालवता चालवता तो दिवसातून तीनदा बापाला फोन करायचा, आणि धुळाजीनं उचलला नाही की जीप कडेला घेऊन पुन्हा लावायचा.

परतीच्या वाटेवर जिपेत दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा करणनं विषय काढलाच. "आबा, मेंढरं इकून टाकू. तिकडं कॅनलवर दिवसदिवस एकटे असता तुमी. काकांचं झालं तसं काही झालं तर मी काय करू? सकाळी रोडनं चालत जा, घरी या, आराम करा."

"मेंढरं हायत म्हणून मी चालतो," धुळाजी म्हणाला. "मेंढरं इकली तर बसून बसून मरीन. मंग आण तुझा कागद."

बापलेक दोघंही हट्टी. रांजणीचा फाटा येईतो बोलणं हमरीतुमरीवर गेलं आणि घर येईतो पैज ठरली. तीन महिन्यांनी कागदावरचे आकडे सुधारले, तर करणनं मेंढरं विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही सुधारले, तर मेंढरांच्या व्यापाऱ्याला, संपतला, बोलवायचं आणि त्याच्या पिकअपमध्ये सगळी चढवून द्यायची.

मेंढरं ती किती, तर सव्वीस. एके काळी दोघा भावांची मिळून तीनशे होती. सव्वीस मेंढरांवर घर चालत नाही, ते करणच्या जिपेवर चालायचं, आणि हे धुळाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सकाळी मेंढरं कोंडायची जाळी उघडून तो त्यांच्यामागं निघाला की गावातली माणसं त्याला हाक मारायची, वाट द्यायची. मेंढरं गेली तर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तंबाखू मागणारा म्हातारा, एवढीच आपली ओळख उरेल, ह्या विचारानंच त्याचा जीव कासावीस व्हायचा.

घरी पोचल्यावर दोघांनी धुळाजीच्या बायकोला, गोपिकाबाईला, पैज सांगितली. ती तेव्हा चुलीपुढं बसली होती. "बरं," एवढंच ती म्हणाली, आणि तेलाची बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून धुळाजी तासभर आधी निघायला लागला आणि तासभर उशिरा यायला लागला. वाटेत जो भेटेल त्याला सांगायचा, डॉक्टरनं चालायला सांगितलंय, म्हटलं बाई, बघाच आता. जेवणाचे मात्र हाल झाले. वांग्याच्या भाजीवरची तर्री गेली, शेंगदाण्याची चटणी चिमूटभर झाली. मुंजाच्या कंदुरीला, बोकडाच्या जेवणाला, सगळी भावकी ओरपून रस्सा खात होती, तेव्हा धुळाजीपुढं चार कोरड्या फोडी आल्या. वाढणाऱ्यानं वर विचारलं, "आबा, उपास हाय का?" धुळाजीनं ताट असं काही सरकवलं की शेजारच्याच्या मांडीवर पाणी सांडलं.

सहा आठवडे झाल्यावर त्याला दम निघेना. तीन महिने कशाला थांबायचं? आत्ताच कागद आणून पोराच्या तोंडावर मारू म्हणून तो स्वतःच घनसावंगीला गेला, उपाशीपोटी रक्त देऊन आला. दुपारी आकडे आले. वाईट एकशे एकाहत्तर, चरबी दोनशे अठ्ठावन्न, आणि चांगलं होतं तिथंच, तेहतीस.

"मशीन बिघडलंय तुमचं," धुळाजी म्हणाला.

"मशीन ठीक आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय करता ते मला सांगा. अगदी सगळं."

धुळाजीनं सांगितलं. जाळी उघडतो, कालव्यावर नेतो, मेंढरं चरतात. मग जरा पुढं नेतो, चरतात. ऊन झालं की लिंबाखाली बसवतो. पुन्हा उठवतो, चरतात.

"मेंढरांमागं चालताना बोलता येतं?"

"येतं की."

"गाणं म्हणता येतं?"

"म्हणतो की. त्याच्याबिगर दिवस कसा जाईल?"

"तिथंच चुकतंय," मॅडम म्हणाल्या. "चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं भरभर चाललं पाहिजे. छातीचा भाता हलला पाहिजे. तेव्हा रक्तातली चरबी जळते आणि चांगलं कोलेस्टेरॉल हळूहळू वाढतं. मेंढरांच्या चालीनं ते होत नाही." मग त्यांनी करणला फोन लावून सांगितलं की बापाच्या खिशात पावलं मोजणारा फोन एक दिवस ठेवून बघ.

करणनं जुना फोन तयार करून दिला. धुळाजीनं तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत जपला. एकदाही बाहेर काढला नाही, न जाणो एखादं पाऊल मोजायचं राहून जायचं. संध्याकाळी करणनं फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला.

"किती?"

"आबा, फोन जुना हाय जरा."

"किती ते सांग."

"तीन हजार आठशे."

धुळाजीची छाती फुगली. तीन हजार आठशे पावलं! "बघ," तो म्हणाला, "सांग त्या बाईला."

करणनं खाली मान घातली. "आबा, मी दिवसभर जिपेत बसून असतो. माझी चार हजार दोनशे झाली."

त्या रात्री धुळाजीनं भाकरी अर्धी टाकली. दुसऱ्या दिवशी तो मेंढरं घेऊन गेला तेव्हा पहिल्यांदा त्यानं स्वतःवर नजर ठेवली. दहा पावलं झाली, मेंढरं थांबली, तोही काठीवर रेलून थांबला. पाच पावलं, पुन्हा थांबला. जाणार तरी कुठं होता तो? डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस, पुढं तारेचं कुंपण. गायरानात घरं झाली होती, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीत पूर्वी लोक बोलावून मेंढरं सोडू द्यायचे, आता लगेच रोटावेटर घालायचे. उरला होता तो कालव्याचा भराव आणि रस्त्याची कडा. एवढ्याशा तुकड्यात सव्वीस मेंढरं दिवसभर तोंड खुपसून उभी असायची आणि त्यांच्यामागं धुळाजी उभा असायचा. धावड्याची शेवटची वाट तुडवून चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं तो उभाच होता, आणि सगळ्या गावाला, पोराला, बायकोला, स्वतःलासुद्धा, मी चालतो म्हणून सांगत होता.

त्याला भयंकर संताप आला. उसावर आला, तारेवर आला, त्या बाईवर आला, आणि निवांत रवंथ करणाऱ्या मेंढरांवरही आला. त्यानं ढेकूळ उचलून फेकलं. एका मेंढीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मुदतीतले सहा आठवडे फुकट गेले होते, सहा उरले होते. मेंढरं वाचवायची तर आता मेंढरं सोडून चालावं लागणार होतं. हे त्याचं त्यालाच इतकं चमत्कारिक वाटलं की दोन दिवस त्यानं ते टाळलं. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून तो डांबरी रस्त्यावर जाऊन उभा राहिला, रामकिसन गुरुजींची वाट बघत.

रामकिसन गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. चौथीपर्यंत दोघं एका वर्गात होते. पुढं धुळाजी मेंढरांमागं गेला आणि रामकिसन शिकत राहिले. गुरुजी त्याला अजून अरे-तुरे करायचे, आणि धुळाजी मात्र वर्गमित्राला गुरुजी म्हणून अहो-जाहो करायचा. रोज सकाळी सहाला पांढरे बूट घालून ते तीर्थपुरीच्या रस्त्यानं पुलापर्यंत जाऊन यायचे. धुळाजी आजवर त्यांची टिंगल करत आला होता. काम न धाम, रस्ता मोजतोय म्हणायचा.

"आज इकडं कसा?" गुरुजींनी विचारलं.

"तुमच्यासंगं चालायला आल्तो."

गुरुजींनी त्याच्याकडं नीट पाहिलं, कागदाची भानगड ऐकून घेतली आणि म्हणाले, "चल. मध्ये थांबायचं नाही, एवढंच."

एवढंच म्हणे! दहा मिनिटांत गुरुजी विजेच्या तीन खांबांनी पुढं गेले. बत्तीस वर्षं खुर्चीत बसून हजेरी घेतलेला माणूस पुढं, आणि धावड्याचा डोंगर पायाखाली घातलेला माणूस मागं धापा टाकतोय. धुळाजीच्या पायांना मेंढरांची खोड लागली होती. दहा पावलं झाली की पाय आपोआप थांबायचे, मान मागं वळायची, जीभ टाळूवर आपटून चक्‌चक्‌ आवाज निघायचा. मागं कोणी नसायचं. पुढंही कोणी नसायचं. पुढं एकही जनावर नसताना माणसानं नुसतं कशासाठी चालावं, हेच त्याच्या पायांना समजत नव्हतं.

आणि लोक चालू देतील तर ना. करणच्या ओळखीचा प्रत्येक जीपवाला कचकन ब्रेक दाबायचा. "आबा, बसा, सोडतो." नको म्हटलं तर, "पैशे कोण मागून राह्यलं? बसा तर." मोटारसायकलवाले विचारायचे, "मेंढरू हरवलं का?" धुळाजी काठी न घेता, मेंढरांशिवाय, सकाळच्या पारी भरभर चाललाय म्हणजे मेंढरू हरवल्याशिवाय दुसरं काय असणार? तो थांबून खुलासा करायचा, रक्त, चरबी, चांगलं, वाईट, आणि तोवर गुरुजी पुलावर जाऊन परत यायचे.

शेवटी त्यानं एक युक्ती काढली. हातात दोरी घेऊन निघाला. दोरी दिसली की लोक समजतील, जनावर आणायला चाललाय, आणि कुणी काही विचारणार नाही. झालं भलतंच. दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या दोघांनी गाडी आडवी लावली, एक जण रस्त्याच्या डाव्या बाजूच्या उसात शिरला, दुसरा उजव्या. मागून आलेल्या तिसऱ्यानं करणला फोन केला की तुमची मेंढी सापडत नाही, आबा लई परेशान दिसून राह्यले. करण पाच प्रवासी घेऊन जीप वळवून आला. धुळाजीनं दोरी उसात भिरकावली आणि सगळ्यांना मिळून एकच शिवी दिली. त्या दिवसापासून मात्र कुणी त्याला विचारलं नाही.

इकडं मेंढरांचं काय? फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. उन्हाळ्यात मेंढरं उजाडताच काढावी लागतात, दहाला परत आणून सावलीत बसवावी लागतात, पुन्हा चारनंतर सोडावी लागतात. गुरुजींच्या चालण्याची वेळही नेमकी उजाडतानाचीच. संध्याकाळी चालावं तर उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला, दोन-दोन ट्रॉल्या मागं, कडेला पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा सकाळची मेंढरं गोपिकाबाईकडं आली. "आठ दिवस बघ," धुळाजी तिला म्हणाला होता.

आठाचे पंधरा झाले, पंधराचे चाळीस. चालून आल्यावर धुळाजीच्या पोटऱ्या ठणकायच्या, मग संध्याकाळचीही ती न्यायची. दहाला ती उन्हानं तापल्या डोक्यानं परत यायची तेव्हा धुळाजी ओट्यावर पाय पसरून बसलेला असायचा आणि तिला सांगायचा, आज पुलापर्यंत पन्नास मिनिटं लागली, काल पंचावन्न लागली होती. एकदा ती म्हणाली, भरावावरून पाय घसरला, थोडक्यात वाचले. तो म्हणाला, बघून चालत जाय, आणि गुरुजी उद्या त्याला जुने बूट देणार आहेत ते सांगायला लागला.

बूट मिळाले. मार्च सरता सरता धुळाजी गुरुजींच्या बरोबरीनं पुलाला पोचला, चाळीस मिनिटांत. अंगातली बंडी भिजून पाठीला चिकटली होती. गाणं म्हणता येतं का हे बघायला त्यानं तोंड उघडलं, तर अर्ध्या ओळीत श्वास तुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. गुरुजी म्हणाले, "आता कागद कर."

कागद झाला. वाईट एकशे एकोणपन्नास. चरबी एकशे पासष्ट. आणि चांगलं एकोणचाळीस. ज्योत्स्ना मॅडमनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि त्या मनापासून खूश झाल्या. "तेहतीसचं एकोणचाळीस! काका, हे सहजासहजी वाढत नाही. तुमच्या पायांनी वाढवलंय हे."

धुळाजीनं करणकडं असं पाहिलं की करणला हसू आवरेना.

"पण एक आहे," मॅडम म्हणाल्या. "व्यायामानं चांगलं चढतं आणि ही चरबी उतरते, ती उतरली. वाईट कोलेस्टेरॉल मात्र व्यायामाला तेवढी दाद देत नाही. ते उतरलंय, पण पुरेसं नाही. सख्ख्या भावाचं असं झालेलं आहे, मी धोका पत्करणार नाही. रोज एक लहान गोळी घ्या. आणि चालणं सोडायचं नाही."

"गोळी बी अन् चालणं बी?" धुळाजी म्हणाला. "मंग तीन महिने मी तर्री कामून सोडली?"

"दोन्हीची कामं वेगळी आहेत, काका. आणि चालणं सोडलंत की हे एकोणचाळीस परत खाली येईल."

"किती दिवस चालायचं?"

"आता कायमचंच."

धुळाजी बाहेर येईपर्यंत पुटपुटत होता. जिपेत बसल्यावर करणनं चावी फिरवली नाही. "आबा," तो म्हणाला, "मी शब्द देल्ता. कागद सुधरला. आता मेंढरं इकायचं नाव मी काढणार न्हाई." जिंकलेल्या माणसानं काहीतरी बोलायला हवं होतं. धुळाजीनं कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. पैज लावताना तो म्हणाला होता, मेंढरं आहेत म्हणून मी चालतो, आणि कागद सुधारला होता तो मेंढरांपासून लांब जाऊन. पोराच्या हे लक्षात आलं नव्हतं, का लक्षात येऊनही त्यानं बापाची लाज राखली होती, हे धुळाजीला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.

घरी आले तेव्हा गोपिकाबाई मेंढरं जाळीत घालून नुकतीच ओट्यावर टेकली होती. पदरानं तोंड पुसत तिनं सगळं ऐकलं. एकोणचाळीस ऐकलं, गोळी ऐकली, मेंढरं राहिली हेही ऐकलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मंग उद्यापासून मेंढरं कोण काढणार?"

धुळाजी करणकडं बघायला लागला. "सकाळी मला तर चालायचं हाय. बाईनं कायमचं सांगितलं."

"करण?"

"माय, माझी पहिली फेरी सहाची असते."

"म्हंजे मीच." ती थांबली. आवाज चढवणारी बाई नव्हती ती, आताही चढवला नाही. "रखमाजीदादा कॅनलवर पडले तवा तुमच्या बापलेकाला भ्या वाटलं. एकटं माणूस तिकडं नको म्हणून येवढा कागद केला, पैज केली. दीड महिना झाला, त्याच जागी मी एकटी उभी हाय. दोनदा घसरले. मला कोणी दिवसातून एकदा तरी फोन केला का?"



"तू आधी कामून न्हाई बोलली?" धुळाजी म्हणाला. त्याला संताप आला होता आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

"तुमी ठरवून आल्ते. मला इचारलं कवा? मला सांगितलं." तिनं पायाचा अंगठा चोळला, तिथं काटा मोडला होता. "आता बी सांगा. मेंढरं ठेवायची असली तर सकाळी तुमी जा, चालणं सोडा. चालायचं असलं तर मेंढरं सोडा. दोन्ही माझ्या जिवावर न्हाई व्हायचं."

धुळाजी ओट्याच्या कडेला बसला. तिच्याशी भांडायला त्याच्याकडं एक मुद्दा असता तर तो भांडला असता. कालव्याचा भराव कसा आहे, तिथं भर दुपारी हाक मारली तर कोण ऐकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरी ती घसरली म्हणाली तेव्हा तो बुटांचं सांगत बसला होता. हा कागद कुठल्याही दवाखान्यात निघत नाही, आणि तो सुधारायला पुलापर्यंत कितीही भरभर चाललं तरी उपयोग नाही. जाळीत कोकरू आईला शोधत ओरडत होतं. 

"संपतला फोन लाव," तो शेवटी म्हणाला.

वर्षभर जो हेच मागत होता, त्या करणनं फोन काढला, नंबर लावला, आणि पलीकडून हॅलो आल्यावर तो बापापुढं धरला. धुळाजीनं हात पुढं केला नाही. करणनं फोन आपल्या कानाला लावला आणि जाळीकडं बघत उभा राहिला. लहानपणी मेंढरांच्याच उबेला तो झोपला होता. पलीकडून संपत दोनदा म्हणाला, कोण बोलून राह्यलं?

गोपिकाबाईनं हात लुगड्याला पुसला आणि फोन पोराच्या हातातून घेतला.

"संपत, मी गोपिकाबाई," ती म्हणाली. "सव्वीस हायत. परवा ये. पण जल्दी ये, उजाडायच्या आत. मेंढरं एकदा कॅनलकडं निघाली की मंग माझ्याच्यानं माघारी वळवणं व्हायचं न्हाई."

फोन करणच्या हातात देऊन ती उठली आणि बादली घेऊन जाळीकडं गेली. मेंढरांना पाणी दाखवायचं राहिलं होतं.